सोयरिकीचे सहा मासे

मासे आले तेव्हा दादासोंच्या घरात ते ठेवायला जागा नव्हती, आणि इच्छा तर त्याहून नव्हती. पण मासे विकत आणलेले नव्हते, होणाऱ्या व्याह्यांनी दिलेले होते, आणि तिथंच सगळं अडलं.

दादासो बारामतीतल्या एका हायस्कुलात हेडक्लार्क. सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरात त्यांच्या लेकीचं, स्वरूपाचं, इंदापूरच्या दिग्विजयशी ठरलं. मुलगा मास्तर, निर्व्यसनी, आणि मुख्य म्हणजे स्वरूपाला मनापासून पसंत. त्याचे वडील हिंदुराव पाटबंधारे खात्यातून नुकतेच निवृत्त झालेले. अंगानं भरदार, बोलायला मोजके, आणि बैठकीच्या खोलीत काचेची पेटी ठेवून मासे पाळणारे. सुपारी फुटली त्या दिवशी निघताना त्यांनी दुधाच्या किटलीतून सहा काळे मासे दादासोंच्या हातात दिले. सोयरीक जुळली की मुलाकडच्यांनी मुलीकडं एक मेंढी धाडायची, ही दोन्ही घराण्यांची जुनी चाल. आता दोन्हीकडची मेंढरं जाऊन पंचवीस वर्षं झालेली. चाल मोडू नये आणि मेंढीही नको, यातून हिंदुरावांनी ही वाट काढली होती.

दादासोंचे वडील, म्हणजे आप्पा, किटलीत वाकून बघत राहिले. मग त्यांनी नियम सांगितले. सोयऱ्यानं दिलेला जीव विकायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही, लग्नाआधी मरू द्यायचा नाही, आणि त्याची पहिली वीण झाली की त्यातलं पिलू भर मांडवात परत करायचं. लग्नाआधी जीव दगावला तर सोयरीक टिकत नाही. मेंढीला लावलेले हे नियम माशाला लागू आहेत का, असं दादासोंनी कारकुनी पद्धतीनं विचारलं. आप्पांनी त्यांच्याकडं एकदा बघितलं. नियम लागू झाले.

पेटी बनवून घेतली ती स्टँडामागच्या फोटोफ्रेमवाल्याकडून. तो मनुष्य देवादिकांच्या फ्रेमा उत्तम करी, पण पाणी राहील अशी वस्तू त्यानं जन्मात केली नव्हती. पेटी पहिल्या दिवशी डाव्या कोपऱ्यातून गळली, दुसऱ्या दिवशी उजव्या. शेजारचे रावजी धावून आले. रावजी गुरांच्या दवाखान्यात तीस वर्षं ड्रेसर होते, त्यामुळं गळणारी कुठलीही गोष्ट थांबवणं हे ते आपलं काम समजत. त्यांनी मेणबत्त्या वितळवून कोपरे भरले. पाणी थांबलं, पण फ्रेमवाल्यानं काचेच्या वरच्या कडा घासायच्या सोडल्या होत्या, त्या तशाच राहिल्या. त्या कडांकडं कुणाचं लक्ष गेलं नाही, कारण सगळे माशांकडं बघत होते.

आप्पांचा मात्र जीव रमला. रोज दिवेलागणीला पेटीसमोर पाट टाकून ते मोजणी करत. पाच माद्या आणि एक एडका, असा त्यांचा हिशेब होता. जानेवारीत एके दिवशी त्यांनी जाहीर केलं की एका मादीला खरूज झाली आहे. खरोखरच तिच्या अंगावर पांढरे चट्टे होते, पोट खपाटीला गेलं होतं आणि ती कलून पोहत होती. मेंढराला खरूज झाली की करंजाचं तेल आणि हळद. आप्पांनी वाटी तयार केली आणि दादासोंना मासा धरायला सांगितलं. पाण्यातल्या जीवाला तेल लावावं का, या विषयावर दादासोंच्या मनात शंका होती, पण वडिलांपुढं त्यांच्या पुष्कळ शंका आजवर मनातच राहिलेल्या होत्या. त्यांनी बाही सरसावून हात घातला. मासा बोटांमधून निसटे, आप्पा मागून "मानंला धर, मानंला" म्हणत, आणि माशाला मान कुठं असते ते शोधताना काचेची कड दादासोंच्या उजव्या हाताला, करंगळीशेजारच्या बोटाला, कापून गेली. रक्त फारसं आलं नाही. मासा शेवटी सापडला, त्याला हळद-तेल लागलं, आणि तो तिसऱ्या दिवशी मेला.

ही बातमी बाहेर जाऊ देणं शक्य नव्हतं. दादासो रजा टाकून एसटीनं पुण्याला गेले आणि तसाच काळा मासा पिशवीत घेऊन आले. पिशवी मांडीवर धरून ते चार तास ताठ बसून होते. संध्याकाळी आप्पांनी मोजणी केली, सहा भरले. मग नव्या माशाकडं जरा जास्तच वेळ बघून ते म्हणाले, "ह्यो आपला न्हाय. पर असूं दे." आयुष्यभर दीडशे मेंढरं तोंडावरून ओळखलेल्या माणसाला दादासो फसवू शकले नव्हते.

तीन आठवड्यांनी त्या बोटावर एक गाठ उठली. जांभळट, वाटाण्याएवढी, दुखणं बेताचं. बोट कापलेलं दादासो केव्हाच विसरून गेले होते, आणि कापलेलं तर आठ दिवसांत भरून आलं होतं. तेव्हा ही गाठ त्यांच्या दृष्टीनं कुठूनच आलेली नव्हती.

रावजींनी पाहिल्याबरोबर तिला पिकवायचा निर्णय घेतला. अळशीचं पोटीस बांधून दादासो आठ दिवस ऑफिसात बसले, आणि हजेरीपत्रकावर अळशीचे डाग पडले म्हणून हेडमास्तर बोलले ते वेगळंच. गाठ पिकली नाही, उलट तिला साथ मिळाली. दुसरी गाठ हाताच्या पंजावर उठली, तिसरी मनगटाजवळ. तिन्ही एका रांगेत. समोरच्या सरुबाईंनी ती रांग बघितली मात्र, ही नागीण आहे असं सांगून टाकलं. नागिणीचं तोंड आणि शेपूट एक झालं की माणूस संपला, हे त्यांनी साखरबाईंना, म्हणजे दादासोंच्या पत्नीला, बाजूला घेऊन सांगितलं, पण आवाज बाजूला घ्यायचा राहिला. नागीण वर चढू नये म्हणून त्यांनी कोपरावर गेरूचं कडं काढलं. हाताला अळशी आणि कोपराला गेरू अशा अवस्थेत दादासोंनी दहावीचे परीक्षेचे अर्ज तपासले. वरची वाट बंद झालेल्या नागिणीला तिथून उलटं खाली यायची मुभा होती, हे त्यांना उशिरा सुचलं.

शेवटी त्यांनी घरच्या डॉक्टरांकडून दहा दिवसांच्या गोळ्या घेतल्या, त्या संपल्या, आणि त्यांना कातडीच्या डॉक्टरांकडं पाठवण्यात आलं. हे डॉक्टर तरुण आणि अभ्यासू होते. त्यांनी भिंगातून गाठी बघितल्या आणि विचारलं, घरात जनावरं आहेत का, शेळ्या-मेंढ्या वगैरे. दादासो खोटं बोलणारे नव्हते. होती, म्हणाले, दीडशे मेंढरं. डॉक्टरांचे डोळे लकाकले. मेंढरांच्या तोंडावर फोड येतात का, कोण दूध काढतं, लोकर कोण कातरतं, असं ते भराभरा विचारत गेले आणि दादासो आठवेल तसं प्रामाणिकपणे सांगत गेले. पानभर लिहून झाल्यावर डॉक्टरांनी मेंढरं कुठं असतात असं विचारलं, तेव्हा ती बहात्तरच्या दुष्काळात गेल्याचं निघालं. डॉक्टरांनी पान फाडलं. आणखी काही पाळलंय का, असं त्यांनी विचारलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. पण ते विचारायचं बळ त्यांच्यात उरलं नव्हतं, आणि टीव्हीशेजारच्या पेटीतले मासे हे जनावर असतात असं दादासोंच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांच्या लेखी ती सोयऱ्यांची भेटवस्तू होती.

मग डॉक्टरांनी एक टाचणी काढली आणि डोळे मिटायला सांगितलं. टोचलेलं कळतंय का. शाळेच्या व्हरांड्यात तसल्या तपासणीची पोस्टरं दादासोंनी स्वतःच्या हातानं चिकटवलेली होती, त्यामुळं डॉक्टर कुठला रोग शोधताहेत ते त्यांना लगेच समजलं. टाचणी टेकायच्या आधीच ते "कळतंय, कळतंय" म्हणू लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की तो रोग नाही. पण महारोग हा शब्द एकदा डोक्यात शिरला की त्याच्या मागचं 'नाही' ऐकू येत नाही. दादासो दवाखान्याच्या पायऱ्या उतरले ते हात खिशात घालूनच, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती. ही कुणकुण इंदापुरात गेली तर स्वरूपाचं लग्न मोडेल. मुलीच्या बापाच्या हाताला काहीतरी आहे, एवढं एक वाक्य पुरे होतं.

साखरपुडा आठ दिवसांवर होता. हात लपवायचा कसा, यावर नवरा-बायकोनं पुष्कळ विचार केला. आणि दादासो समारंभात उभे राहिले तर समोर हिंदुराव. उजव्या मुठीत इस्त्रीचा पांढरा रुमाल, चांगला मनगटापर्यंत उलगडलेला. नमस्कार करतानाही रुमाल सुटला नाही, जेवतानाही चमच्यानं जेवले. काय रुबाब आहे, असं साखरबाई पुटपुटल्या. दादासोंना तिथल्या तिथं युक्ती सापडली. त्यांनी आतून स्वतःचा रुमाल आणला आणि तसाच मुठीत धरला. फोटोत दोन्ही व्याही शेजारी शेजारी रुमाल धरून उभे आहेत. पाहुण्यांत काहींना वाटलं की आता यांचा एखादा नाच होणार आहे.

पुढं मार्चात गाठीचा तुकडा काढून पुण्याला पाठवला. पहिला अहवाल आला तो डॉक्टरांनी समजावून सांगितला. जंतू आहेत, टीबीच्या भाऊबंदांपैकी. पण नेमका कुठला भाऊबंद ते कळायला आणखी दीड-दोन महिने लागतील, कारण ते प्रयोगशाळेत फार सावकाश वाढतात. भाऊबंदांचा निकाल लागायला वेळ लागतो हे दादासोंना बांधाच्या केसवरून माहीत होतं. त्यांनी एवढंच विचारलं की मग मला टीबी आहे का. डॉक्टर म्हणाले, नाही. गोळ्या कसल्या? तर टीबीच्या. म्हणजे तसल्याच, पण टीबी नसताना घ्यायच्या. दादासोंनी हे वाक्य घरी येईपर्यंत चार-पाच वेळा उलटसुलट करून बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत लालभडक लघवी झाली तेव्हा ते ओरडले नाहीत, नुसते भिंतीला धरून उभे राहिले. हा गोळ्यांचा रंग आहे आणि तो पाकिटावर छापलेला आहे, हे स्वरूपानं वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी भिंत सोडली.

गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळत, आणि मिळण्यासाठी रजिस्टरात नाव लागत असे. रजिस्टरात बोटाचा रकाना नव्हता. खोकला किती दिवसांपासून, हा होता. खोकला नाही असं दादासोंनी सांगितलं, तर रकाना मोकळा ठेवता येत नाही असं उत्तर मिळालं. दादासो स्वतः हेडक्लार्क. मोकळा रकाना पुढं किती त्रास देतो ते त्यांच्याइतकं कुणाला कळणार. त्यांनी माणुसकीच्या नात्यानं एकदा खोकून दिलं.

हे खोकणं त्यांना भोवलं. खोकला असलेल्या रुग्णाच्या घरी जाऊन घरातल्यांची नावं लिहायची असतात, आणि ते काम दत्तोबा नावाच्या आरोग्यसेवकाकडं होतं. दत्तोबा म्हणजे पस्तिशी ओलांडलेला, खांद्याला झोळी लावून सायकलवर फिरणारा, अतिशय प्रामाणिक मनुष्य. सरकारनं असे प्रामाणिक लोक चुकीच्या दिवशी पाठवू नयेत. तो दारात उभा राहिला तेव्हा हिंदुराव सहा माणसं घेऊन लग्नाची याद करायला बसलेले होते. देण्याघेण्याचं, मानपानाचं नुकतंच सुरळीत झालं होतं.

दत्तोबानं उंबऱ्यातून विचारलं, "पेशंट कोण हाय ह्यातला?"

 हिंदुरावांच्या मुठीतला रुमाल अधिकच घट्ट झाला. दादासो उठले आणि त्यांच्या तोंडून जे निघालं ते त्यांनी आधी ठरवलेलं नव्हतं. हे आमच्या शाळेतले आहेत, म्हणाले, पाहुण्यांना चेष्टेनं पेशंट म्हणतात, लग्नपत्रिका पाठवायला नावं आणि पत्ते उतरून घ्यायला आलेत. दत्तोबाला नावं आणि पत्तेच हवे होते, त्यामुळं त्यानं हरकत घेतली नाही. तो बसला, झोळीतून कागद काढला आणि लिहू लागला. पाहुणे खूश झाले. एकानं तर चुलत्याचंही नाव घातलं. मग दत्तोबानं वय विचारलं. पत्रिकेला वय कशाला, असं कुणीतरी म्हणालं. मानाचा आहेर वयाप्रमाणं करायचा असतो, असं दादासोंनी सांगितलं. ते पटलं. मग दत्तोबानं प्रत्येकाला खोकला येतो का हे विचारायला सुरुवात केली.  मांडवात उन्हाचं कुणाला गार सरबत द्यायचं आणि कुणाला गरम चहा, त्याची नोंद आत्ताच केलेली बरी, असं दादासो म्हणाले. एवढी बारीक व्यवस्था पाहून इंदापूरकरांचा आदर वाढला. दोघांनी सरबत नको म्हणून खोकला लावून घेतला.

पंधरा दिवसांनी इंदापुरात सात घरी सरकारी कार्डं गेली. आपला क्षयरुग्णाशी संपर्क आल्याचे समजते, तरी थुंकी तपासणीसाठी हजर राहावे. दादासोंना हे कळलं ते दत्तोबाकडूनच. कामाचा निपटारा किती तत्परतेनं केला ते तो अभिमानानं सांगायला आला होता.

त्या दिवशी दादासो जेवले नाहीत. इंदापूरहून आता माणूस येणार, सोयरीक मोडल्याचं सांगणार, याची वाट बघत ते ओसरीवर बसून राहिले. एक दिवस गेला, चार गेले, कुणीच आलं नाही, आणि न येण्याचाही अर्थ त्यांना लागेना. लग्न मोडलं असतं तर निरोप आला असता. मोडलं नसेल तर कार्डाबद्दल कुणी काही विचारलं का नाही? ते इतके गोंधळले की एका सायंकाळी माशांना त्यांनी आपली गोळी घातली आणि माशांचं खाणं स्वतःच्या तळहातावर घेऊन पाण्याचा तांब्या मागितला.

स्वरूपा पाणी घेऊन आली. तिनं त्यांच्या हातातलं खाणं पेटीत टाकलं, शेजारी बसली आणि म्हणाली, "दादा, हात दाखवा बघू." त्यांनी हात मागं घेतला. तिनं तो ओढून मांडीवर घेतला, रुमाल सोडला, पट्टी सोडली आणि गाठी कोमट पाण्यानं पुसायला लागली. आजवर घरातल्या कुणाला दादासोंनी त्या हाताला शिवू दिलं नव्हतं. जेवणाचं ताटही ते वेगळं घासत होते. लेकीची बोटं त्या जांभळ्या गाठींवरून फिरताना बघून त्यांना रडू आलं, आणि ते आवरायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"मोडलं तर मोडूं दे," स्वरूपा म्हणाली. "पर तुमी चोरावानी हात लपवून हिंडायचं न्हाय."

हे म्हणताना तिनं पुसलेलीच गाठ पुन्हा पुसली. लग्न मोडलेलं तिला चालणार नव्हतं, हे आंधळ्यालाही कळलं असतं. दादासोंनी त्याच घटकेला ठरवलं की मांडवात अक्षता पडायच्या आधी हिंदुरावांना एकट्याला गाठून सगळं सांगायचं. पुढं त्यांचं ते आणि देवाचं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात लग्न लागलं, म्हणजे लागायच्या बेतात आलं. हिंदुरावांना एकट्याला गाठणं जमेना. दादासो त्यांच्याकडं निघाले की ते दुसरीकडं जात, आणि दोनदा तर ते दादासोंना बघून चक्क बँडवाल्यांच्या मागं गेले. यांना कळलंय, दादासोंच्या मनानं घेतलं, कार्डावरून सगळं कळलंय, आणि भर मांडवात काहीतरी बोलणार आहेत. तेवढ्यात व्याहीभेटीचा पुकारा झाला. दोन्ही व्याह्यांनी समोरासमोर उभं राहायचं, उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटानं एकमेकांना गंध लावायचं आणि उराउरी भेटायचं. पाचशे माणसं बघत होती. गंधाची वाटी पुढं आली. दादासोंनी डावा हात वाटीत घातला. तिथं आधीच एक बोट होतं. तेही डाव्या हाताचंच.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग दोघांनी एकमेकांच्या उजव्या मुठीतल्या रुमालाकडं बघितलं. दादासोंचा रुमाल घामानं आधीच सैल झाला होता, तो खाली पडला. हिंदुरावांनी ती बोटाची पट्टी बघितली आणि त्यांचा चेहरा पडला.

"झालं का तुमास्नीबी?" ते हळूच म्हणाले, आणि त्यांनी स्वतःचा रुमाल काढला. त्याच बोटाला तशीच पट्टी, आणि पट्टीच्या वर पंजावर दोन जांभळ्या गाठी.

मग उराउरी भेटायच्या निमित्तानं दोघं जे एकमेकांच्या गळ्यात पडले ते पाच मिनिटं सुटले नाहीत. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. व्याह्यांचं असं प्रेम आजवर कुणी बघितलं नव्हतं. प्रत्यक्षात हिंदुराव दादासोंच्या कानात भराभरा कबुली देत होते. त्यांची गाठ आधीच, दिवाळीच्या सुमाराला उठली होती. सोलापूरच्या डॉक्टरनं फेब्रुवारीत बघितल्या बघितल्या पहिला प्रश्न विचारला, मासे पाळता का. माशांच्या पाण्यात एक जंतू असतो, आजारी माशाबरोबर येतो, आणि हाताला कापलेलं-खरचटलेलं असलं की तिथून आत शिरतो. माणसापासून माणसाला होत नाही, गोळ्यांनी बरा होतो, पण महिने लागतात. हे ऐकून हिंदुरावांची झोप उडाली, कारण त्याच पेटीतले सहा मासे त्यांनी आपल्या हातानं व्याह्यांना दिलेले होते. सोयरीक करायला गेला आणि रोग देऊन आला, असं म्हणून मुलीकडचे लग्न मोडतील. पोरगं तर त्या पोरीशिवाय दुसरं नाव घेईना.

"आन् ती सरकारी कार्डं?" दादासोंनी विचारलं.

हिंदुराव कानाशी आणखी वाकले. "मला वाटलं, म्या दडवलेलं दुखणं सरकारला कळलं. सातीच्या सात कार्डं घरोघर जाऊन मीच गोळा किली आन् चुलीत घातली."

दादासोंना हसावं की चिडावं ते कळेना. तीन महिने त्यांनी अळशी बांधली होती, गेरू लावला होता, टाचणीपुढं डोळे मिटले होते, न आलेला खोकला खोकले होते, आणि सगळ्या रोगाचं मूळ टीव्हीशेजारी दिव्याखाली पोहत होतं. एवढे शिकलेले डॉक्टर, त्यांनी मेंढरांचं पानभर लिहून घेतलं आणि माशांचं एक अक्षर विचारलं नाही. पण छातीवरचा धोंडा उतरला होता हे खरं. त्यांनी हिंदुरावांना पुन्हा एकदा आवळलं. या वेळी ते खरोखरचं होतं.

दोघं बाजूला होतात तोच गर्दीतून वाट काढत आप्पा आले. डोक्याला तांबडा पटका आणि दोन्ही हातांत लोणच्याची धुतलेली बरणी. बरणीच्या पाण्यात नखाएवढी चार काळी पिलं पळत होती. एडक्यानं आपलं काम केलं होतं. ते दादासोंना ठाऊक नव्हतं, कारण महिनाभर मोजणी एकटे आप्पाच करत होते. त्यांनी बरणी हिंदुरावांपुढं धरली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "पयली वीण. सोयऱ्याचं सोयऱ्याला."

हिंदुरावांनी बरणीकडं बघितलं, मग दादासोंकडं. दादासोंनी नजर वळवली. गेले पाच महिने आप्पा कोपरापर्यंत हात त्या पाण्यात घालत आले होते आणि त्यांच्या चिवट कातडीला ओरखडाही गेला नव्हता, म्हणून त्यांना काही झालं नव्हतं. त्यामुळं समोरचा मनुष्य घाम का पुसतो आहे ते त्यांना समजलं नाही. त्यांनी बरणी आणखी पुढं केली. पाचशे माणसं बघत होती. हिंदुरावांनी दोन्ही हात पसरले, बरणी घेतली आणि कपाळाला लावली. अक्षता वेळेवर पडल्या. संध्याकाळी वऱ्हाडाची जीप इंदापूरला निघाली तेव्हा पुढच्या सीटवर हिंदुराव बरणी मांडीवर घेऊन ताठ बसलेले होते. स्वरूपा मागं खिडकीशी रडत होती आणि मधूनच हसत होती. दादासोंनी उजवा हात वर केला, पट्टीसकट, सगळ्यांसमोर. पुढच्या खिडकीतून तसाच एक पट्टी बांधलेला हात बाहेर आला आणि वळणापर्यंत हलत राहिला.

पुण्याचा शेवटचा अहवाल जूनमध्ये आला. त्यात हिंदुरावांनी कानात सांगितलं तेच इंग्रजीत लिहिलेलं होतं. गोळ्या दिवाळीच्या आधी संपल्या, गाठी बसल्या, बोटावर एक फिकट वण तेवढा राहिला. मासे अजून आहेत. दादासो आता प्लॅस्टिकची लांब जाळी घेऊन आणि कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे घालून पेटी धुतात.

पुढच्या लग्नसराईत रावजींच्या मुलाचं लग्न निघालं. दादासो मांडवात शिरले तर दारातच दोन्ही व्याही उभे, आणि दोघांच्याही उजव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटाला पांढऱ्या कापडाची पट्टी, वर हळदीचा ठिपका.  मासे पाळलेत काय, दादासोंनी घाबरून विचारलं.

रावजी हसले. दादासोंच्या घरचं लग्न सबंध आळीनं डोळ्यांनी बघितलं होतं, म्हणाले. व्याही पाच मिनिटं गळ्यात पडून होते, पुन्हा वर्षभरात मानपानावरून एक शब्द नाही. तुमची गाठ मीच बघितली होती, पण व्याह्यांच्याही त्याच बोटाला पट्टी, म्हणजे ती इंदापूरकडची रीतच. रीत चांगली, म्हणून आम्हीही धरली. फक्त एक गाठ सैल झाली आहे, ती तेवढी तुमच्या हातानं बांधून द्या, तुम्ही जाणते आहात.

खरं काय ते सांगायला दादासोंनी तोंड उघडलं. मग त्यांनी ते दोन बाप बघितले, बोटं पुढं करून उभे असलेले, चेहऱ्यावर लेकराच्या लग्नातली तीच भीती. त्यांनी तोंड मिटलं, उजव्या हातानं पट्टी घेतली आणि गाठ नीट आवळून बांधली.